इलिनॉय विद्यापीठाचे ग्रंथालय: मराठी संशोधकाच्या दृष्टीने एक परीक्षण

परदेशी विद्यापीठ निवडताना आपल्याकडचे विद्यार्थी मानांकन पाहतात, शुल्कमाफी मिळेल का ते पाहतात, ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या प्राध्यापकांची कीर्ती पाहतात आणि शेवटी तिथल्या थंडीची चौकशी करतात. ग्रंथालयाची चौकशी सहसा कोणी करत नाही. अर्बाना आणि शॅम्पेन या जुळ्या गावांत वसलेल्या इलिनॉय विद्यापीठाच्या बाबतीत तरी ती आधी करावी, असे माझे मत आहे, कारण तिथे संशोधकाच्या हाती जे मोलाचे लागते त्यातले बरेचसे ग्रंथालयाच्या देवघेवीतून लागते. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. विद्यापीठाच्या आवारातील बाकीच्या जीवनाविषयी पुढे जे येईल ते तिच्या अनुषंगानेच येईल, आणि सारा विचार मराठी भाषा, साहित्य, महाराष्ट्राचा इतिहास किंवा समाज यांवर काम करणारा वाचक डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यातले निम्मे उपयोगी पडेल. उरलेले निम्मे त्यांनी करमणूक म्हणून वाचावे.

प्रथम जागेविषयी. शिकागोहून दक्षिणेला सुमारे 220 किलोमीटर अंतरावर, जिथे नजर पोहोचेल तिथपर्यंत मका आणि सोयाबीन उभा असतो अशा सपाट काळ्या जमिनीवर, 1867 साली हे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पाच वर्षे आधी अमेरिकी संसदेने कायदा करून प्रत्येक राज्याला सरकारी जमीन देऊ केली होती, आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढावीत अशी अट घातली होती. त्या योजनेतून उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी ही एक. आज तिथे 50 हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. दोन वेळा भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जॉन बार्डीन इथे शिकवत असत, 1952 मध्ये इलियॅक हा संगणक इथे चालू झाला, संगणकावरून शिकवण्याची प्लेटो ही पद्धत 1960 मध्ये इथे आकाराला आली आणि जगाला चित्रांसह जालपृष्ठे पाहण्याची सवय लावणारा मोझेक हा न्याहाळक 1993 मध्ये इथूनच बाहेर पडला. ही नामावली विद्यापीठ स्वतःच पुरेशा अभिमानाने सांगत असते, त्यामुळे ती इथे लांबवत नाही.

ग्रंथालयाची गोष्ट मात्र या नामावलीत क्वचितच येते, आणि ती मला अधिक उद्बोधक वाटते. किनारपट्टीवरच्या जुन्या विद्यापीठांच्या शेजारी मोठी शहरे होती, त्या शहरांत मोठी सार्वजनिक ग्रंथालये होती, धनिकांचे खाजगी संग्रह होते. या माळरानावर तसे काहीही नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी अध्यक्षपदी असलेल्या एडमंड जेम्स यांनी म्हणूनच आग्रह धरला की विद्वान इथे यावेत आणि टिकावेत असे वाटत असेल तर पुस्तके इथेच आणून ठेवावी लागतील. ग्रंथपालनाचे शिक्षण देणारी शाळा त्याआधीच, 1897 मध्ये, शिकागोहून अर्बानाला आली होती. या दोन्ही गोष्टींचे फळ म्हणजे आजचा 1 कोटी 40 लाखांहून अधिक खंडांचा संग्रह, जो अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांच्या संग्रहांत अगदी वरच्या पंक्तीत बसतो.

मुख्य इमारत चार्ल्स प्लॅट यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली आणि 1926 मध्ये वापरात आली. बाहेरून ती लाल विटांची, मोजून-मापून केलेली, जरा कोरडीच वाटावी अशी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनदालनात गेल्यावर हे मत बदलते. उंच छत, लांब लाकडी मेजे आणि खिडक्यांच्या काचांवर युरोपातील जुन्या मुद्रकांची चिन्हे, असा तो थाट आहे, आणि परीक्षेच्या आठवड्यात तिथे शेकडो विद्यार्थी असूनही पान उलटल्याचा आवाज ऐकू येतो. पण संशोधकाने या दालनाच्या प्रेमात फार पडू नये. त्याचे काम मागच्या बाजूला, ग्रंथसंग्रहाच्या दहा बुटक्या मजल्यांवर आहे. तिथे छत हाताला लागेल इतके खाली आहे, वाटा अरुंद आहेत, दिवसाचा उजेड फार थोड्या ठिकाणी पोहोचतो आणि वेगवेगळ्या दशकांत जोडलेले भाग एकमेकांना असे चिकटवले आहेत की नव्या माणसाची दिशाभूल होणारच. ज्यांना बंद जागेत गुदमरल्यासारखे होते त्यांनी पुस्तके मागवून घेण्याची सोय वापरावी. ती उत्तम आहे.

तरीही शक्य असेल त्याने आत जावेच, कारण या सेवेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मुक्तद्वार पद्धत हे आहे. विद्यापीठाचे ओळखपत्र दाखवले की संशोधक थेट मांडण्यांपर्यंत जाऊ शकतो आणि हवे ते पुस्तक स्वतःच्या हाताने काढू शकतो. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या संग्रहांत आपण चिठ्ठी भरतो, ती शिपायाच्या हाती देतो आणि मागितलेले पुस्तक येईपर्यंत थांबतो. त्या पद्धतीला तिची कारणे आहेत, पण तिच्यात जे मागितले तेवढेच मिळते. ज्याचे नावच ठाऊक नाही ते पुस्तक चिठ्ठीवर कसे लिहिणार? मांडणीसमोर उभे राहिल्यावर हा प्रश्न उरत नाही. इथल्या संग्रहाचा फार मोठा भाग अजूनही ड्यूईच्या दशांश वर्गीकरणानुसार लावलेला आहे, तेव्हा मराठी साहित्य 891.46 या क्रमांकाखाली सापडते: त्यात पुढे 1 म्हणजे कविता, 2 म्हणजे नाटक, 3 म्हणजे कथा-कादंबरी. डावीकडे सरकत गेले की हिंदी आणि बंगाली, उजवीकडे गुजराती. साठोत्तरी कादंबरीवर काम करणाऱ्याला त्याच फळीवर त्याच दशकातली, आज कोणाच्या तोंडी नसलेली, पण त्या काळी चार आवृत्त्या निघालेली कादंबरी भेटते, आणि वाङ्मयीन अभिरुचीचा इतिहास म्हणजे केवळ गाजलेल्या दहा नावांचा इतिहास नसतो हे कोणी न सांगता समजते.

या वर्गीकरणाची एक अडचण इथेच नोंदवून ठेवतो. संतसाहित्य एकाच ठिकाणी मिळेल अशी अपेक्षा करून कोणी गेला तर तो अर्ध्या साहित्याला मुकेल, कारण काव्य म्हणून नोंदवलेले ग्रंथ 891.46 मध्ये असतात आणि धर्मग्रंथ म्हणून नोंदवलेले 294.5 मध्ये, म्हणजे पार वेगळ्या मजल्यावर. मराठ्यांचा इतिहास 954 मध्ये, ग्रामीण समाजाचा अभ्यास 300 च्या घरात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आखलेल्या चौकटीत वारकऱ्यांना नेमके कुठे बसवायचे हा प्रश्न तालिकाकारांना पडला असणार आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडवलेला दिसतो.

आता मुळातच हा प्रश्न कोणी विचारेल की मक्याच्या शेतांमधल्या या विद्यापीठात मराठी कादंबऱ्या आल्या कशा. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला माहीत असलेल्या एका आकड्यात आहे: पी. एल. 480. अमेरिकेने 1954 मध्ये केलेल्या या कायद्याखाली तिथला शिलकी गहू आणि मिलो भारतात आला, रेशनच्या दुकानांतून वाटला गेला आणि त्या लाल धान्याच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली ते अजूनही तिच्याविषयी फारसे चांगले बोलत नाहीत. या धान्याची किंमत भारताने डॉलरमध्ये न देता रुपयांत दिली. ते रुपये भारतातच साठत गेले, आणि अमेरिकेला ते बाहेर नेता येत नसल्यामुळे इथेच खर्च करणे भाग होते. 1958 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन हा पैसा पुस्तके घेण्यासाठी वापरण्याची मुभा अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाला मिळाली. 1962 मध्ये त्या ग्रंथालयाचे नवी दिल्लीतील कार्यालय कामाला लागले आणि भारतीय भाषांतील नवी पुस्तके व नियतकालिके ठरावीक अमेरिकी विद्यापीठांना धाडू लागले. इलिनॉय हे त्या सहभागी विद्यापीठांपैकी एक. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाने छापलेली कथासंग्रहाची प्रत दिल्लीमार्गे बोटीने निघून इलिनॉयच्या फळीवर जाऊन बसे, आणि प्रकाशकाला बहुधा याचा पत्ताही नसे. पुढे रुपयांचा साठा संपला, तेव्हा हीच व्यवस्था सहभागी ग्रंथालयांच्या स्वतःच्या पैशांवर चालू ठेवण्यात आली.

संग्रहाचे गुण आणि दोष दोन्ही या जन्मकथेतून आले आहेत. गुण हा की निवड अभिरुचीने केलेली नव्हती. जे निघेल ते घ्यायचे, अशा वृत्तीमुळे सरकारी अहवाल, साहित्य संमेलनांची अध्यक्षीय भाषणे, गौरवग्रंथ, जिल्ह्यांची माहिती देणारी पुस्तके, लोकगीतांची संकलने आणि शाळामास्तरांनी लिहिलेली चरित्रे असे सर्व काही आत आले. यातल्या पुष्कळ वस्तू मूळ गावी रद्दीत गेल्या असतील आणि परदेशात मात्र पक्क्या बांधणीत सुखरूप आहेत. दोष हा की साठच्या दशकापूर्वीचे मराठी मुद्रण इथे तुरळक आहे. एकोणिसाव्या शतकातील शिळाप्रेसची पुस्तके, जुनी मासिके, सत्यशोधक चळवळीची पत्रके यांच्यासाठी इथे येण्यात अर्थ नाही. त्यासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाहीतर लंडन गाठावे. खरेदी विक्रेत्यांच्या जाळ्यातून होत असे, त्यामुळे जे त्या जाळ्याच्या बाहेर छापले गेले, म्हणजे चळवळींच्या पुस्तिका, अनियतकालिके, तालुक्याच्या गावी काढलेले कवितासंग्रह, ते नशिबाने सापडले तरच सापडतात. आणि अलीकडच्या दशकांतली खरेदी स्वाभाविकपणे हात राखून झालेली आहे, कारण फुकटच्या रुपयांनी घेतलेले पुस्तक आणि विभागाच्या तुटपुंज्या तरतुदीतून घेतलेले पुस्तक यांत फरक पडणारच. दलित आत्मकथनांच्या पहिल्या लाटेसाठी संग्रह समाधानकारक ठरावा. गेल्या पंधरा-वीस वर्षांच्या मराठी लेखनासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये.

तालिकेत शोध घेण्याची रीत नव्या माणसाला हमखास चकवते, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. जुन्या नोंदी देवनागरीत नसून रोमन लिपीत आहेत, आणि तेही आपण मोबाईलवर मराठी लिहितो त्या ढंगाने नव्हे, तर ग्रंथालयांनी ठरवलेल्या काटेकोर लिप्यंतराने. त्यात शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला अकारही लिहिला जातो, तेव्हा ‘इतिहास’ शोधताना अखेरीस एक जादा स्वर टाकावा लागतो. ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जातो, आणि पोटफोड्या ‘ष’ व शहामृगातला ‘श’ वेगवेगळे असतात. हा नियम एकदा कळला की काम सुरळीत होते. नियम न कळता चार वेळा रिकामी यादी पाहणारा विद्यार्थी मात्र पुस्तक इथे नाहीच, असे समजून निघून जाईल, आणि ते फळीवर तसेच राहील. या जागी तालिकेने वाचकाला सावरून घ्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. देवनागरीतून शोधण्याची सोय नव्या नोंदींपुरती वाढत चालली आहे, ही जमेची बाजू.

सगळी पुस्तके मुख्य इमारतीत नसतात. कमी मागणी असलेली पुस्तके 2004 मध्ये सुरू झालेल्या ओक स्ट्रीटवरच्या साठवणगृहात जातात. तिथे विषयानुसार लावणीच नाही: पुस्तके उंचीप्रमाणे खोक्यांत भरलेली, खोकी उंचच उंच फळ्यांवर, आणि कोणते पुस्तक कुठे आहे ते फक्त संगणकाला ठाऊक. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवा कोरडी ठेवलेली असल्यामुळे साठच्या दशकातल्या आपल्या पिवळ्या, आम्लयुक्त कागदासाठी ती जागा मुंबईच्या पावसाळ्यापेक्षा कितीतरी सुखाची आहे. मागणी नोंदवली की पुस्तक आणून दिले जाते. सेवा म्हणून यात नाव ठेवायला जागा नाही, पण मुक्तद्वाराचा जो लाभ वर सांगितला तो इथे संपतो, आणि मराठीसारख्या कमी वाचल्या जाणाऱ्या भाषेची पुस्तके अशा साठवणीत जाण्याचा संभव अधिक असतो, हेही उघड आहे. पुस्तक टिकते, पण शेजारी सुटतात. म्हणून फळीवर काय उरले आहे ते पाहण्याबरोबरच तालिकेत त्याच क्रमांकाच्या आगेमागे संगणकावर चाळत जाण्याची सवय लावून घ्यावी.

जे इथे नाही ते मागवण्याची व्यवस्था हा या परीक्षणातला सर्वांत निःशंक कौतुकाचा भाग आहे. राज्यातील 80 हून अधिक शैक्षणिक ग्रंथालयांची एक सामाईक तालिका आहे आणि तिच्यातून कोणतेही पुस्तक विद्यार्थ्याला स्वतः मागवता येते. त्यापलीकडे मध्य-पश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांचा संघ आहे, ज्यात विस्कॉन्सिन, मिशिगन आणि मिनेसोटा ही दक्षिण आशियाई संग्रहांसाठी नावाजलेली विद्यापीठे येतात. मिनेसोटातील एम्स ग्रंथालय तर पूर्णपणे दक्षिण आशियाला वाहिलेले आहे. शिकागोतील सामाईक संशोधन केंद्राकडे भारतीय वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म आहेत आणि सदस्य विद्यापीठाच्या संशोधकाला त्या उसन्या मिळू शकतात. त्याच्याही पलीकडे देशभरची आंतरग्रंथालयीन देवघेव. विद्यापीठाच्या सदस्याला या सगळ्यासाठी सहसा खिशात हात घालावा लागत नाही, आणि आपल्याच ग्रंथालयातील नियतकालिकातला एखादा लेख हवा असेल तर त्याची प्रतिमा काढून संगणकावर पाठवणारी सेवाही आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी आणि नामवंत प्राध्यापक यांची मागणी इथे एकाच रांगेत उभी राहते. कोणाची शिफारस आणली, हे कोणी विचारत नाही. ज्यांनी आपल्याकडे दुर्मीळ पुस्तकासाठी पत्रे, ओळखी आणि चहापाणी यांत दिवस घालवले आहेत त्यांना या वाक्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

अंकीय संग्रहाविषयी थोडक्यात: मध्य-पश्चिमेतील याच विद्यापीठांनी पुढाकार घेऊन 2008 मध्ये उभारलेल्या हाथीट्रस्ट या सामाईक साठ्यात इलिनॉय आरंभापासून आहे, आणि त्यात जुनी मराठी पुस्तकेही मिळतात. स्वामित्वहक्काचे नियम देशागणिक वेगळे असल्याने अमेरिकेत उघडणारे पुस्तक भारतातून पाहणाऱ्याला बंद दिसू शकते. परत येण्याआधी आपल्या उपयोगाची यादी करून ठेवावी.

दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखितांचा विभाग मराठीसाठी नव्हे, पण पाहण्यासारखा आहे. एच. जी. वेल्स यांची कागदपत्रे तिथे आहेत, मिल्टनविषयीचा मोठा संग्रह आहे. महाराष्ट्रातील अभ्यासकाने त्याऐवजी विद्यापीठाच्या अभिलेखागाराकडे वळावे, विशेषतः शेतीशिक्षणाचा इतिहास हा विषय असेल तर. 1960 मध्ये पंतनगरला आणि 1964 मध्ये जबलपूरला जी कृषी विद्यापीठे निघाली त्यांच्या उभारणीत इलिनॉयचा हात होता, आणि त्याच नमुन्याची शिक्षण, संशोधन व विस्तार यांना एका छपराखाली आणणारी कल्पना पुढे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीपर्यंत पोहोचली. त्याच्याही पूर्वी, 1906 मध्ये, रवींद्रनाथ ठाकुरांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याला शेती शिकायला इथेच पाठवले होते, आणि 1912-13 च्या हिवाळ्यात, म्हणजे नोबेल मिळण्याच्या थोडे आधी, ते स्वतः अर्बानामध्ये राहिले होते. बंगाली अभ्यासकांनी या धाग्याचा पुरेपूर उपयोग केला आहे. शेतीशिक्षणाच्या धाग्याला मात्र मराठीत अजून फारसा कोणी हात घातलेला दिसत नाही.

शेतीचा विषय निघालाच आहे तर मुख्य ग्रंथालयाच्या शेजारच्या छोट्या शेताविषयी सांगितले पाहिजे. मॉरो प्लॉट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्यांवर 1876 पासून पिकांचा प्रयोग अखंड चालू आहे. एका तुकड्यात दरवर्षी फक्त मका, इतरांत फेरपालट, आणि त्यावरून जमिनीचा कस कसा बदलतो याची नोंद. अमेरिका खंडातला हा सर्वांत जुना शेतप्रयोग मानला जातो. साठच्या दशकात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नवे ग्रंथालय बांधायचे ठरले तेव्हा त्याची सावली मक्यावर पडून प्रयोग बिघडू नये म्हणून ते दोन मजले जमिनीखाली बांधण्यात आले आणि 1969 मध्ये उघडले. विद्यार्थ्यांची गर्दी, गप्पा, गटागटांनी चालणारा अभ्यास हे सगळे तिथे असे, आणि त्यामुळे मुख्य इमारत शांत राहत असे. 2022 मध्ये ते ग्रंथालय बंद झाले. ती जागा अभिलेखागार आणि दुर्मीळ संग्रह यांना देण्याचे ठरले आहे. कागदपत्रांच्या जतनाच्या दृष्टीने निर्णय योग्य आहे, यात शंका नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांचे मात्र हक्काचे ठिकाण गेले, आणि त्यांना इतर इमारतींत सामावून घेतले म्हणून ते गेलेच नाही असे म्हणता येत नाही.

हाच विचार विभागीय ग्रंथालयांनाही लागू पडतो. एकेकाळी आशियाई भाषांचे स्वतंत्र ग्रंथालय होते. 2012 मध्ये ते स्लाव्हिक आणि इतर प्रदेशांच्या ग्रंथालयांबरोबर एका आंतरराष्ट्रीय ग्रंथालयात विलीन झाले. यामागे पैशाचे गणित आहे. सार्वजनिक विद्यापीठ म्हटले की राज्याच्या तिजोरीचे दुखणे त्याच्या घरी येतेच, आणि इलिनॉय राज्याने तर 2015 ते 2017 अशी दोन वर्षे पूर्ण अर्थसंकल्पाशिवाय काढली. ज्ञानी ग्रंथपाल आजही आहेत आणि ते वेळ देतात, परंतु एका माणसाकडे अनेक भाषा आणि अनेक देश आले की प्रत्येक भाषेला मिळणारे लक्ष पातळ होते. मराठीला स्वतंत्र ग्रंथपाल तिथे कधीच मिळणार नाही. निदान कोणती पुस्तके घ्यावीत याची यादी तिथे शिकणाऱ्या मराठी संशोधकांनी सातत्याने पाठवावी, कारण खरेदीची शिफारस करण्याचा मार्ग त्यांना खुला असतो आणि आपली माणसे तो वापरण्यात आळस करतात.

आवारातल्या जीवनाविषयी आता जे सांगायचे ते संशोधकाच्या दैनंदिनीपुरते सांगतो. बससेवा अतिशय चांगली आहे आणि विद्यार्थ्यांना तिच्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही, कारण तिचा आकार शुल्कातच धरलेला असतो. हिवाळा कडक असतो आणि सपाट माळावरून येणारा वारा तापमानाच्या आकड्यापेक्षा जास्त झोंबतो. तरी थंडीत भरभरून पुस्तके वाहून नेण्याची गरज नसते, मागवलेली पुस्तके आपल्या सोयीच्या शाखेत उतरवून घेता येतात. अभियांत्रिकीकडे राहणाऱ्यांसाठी 1994 मध्ये उघडलेले ग्रेंजर ग्रंथालय प्रशस्त आणि उजेडाचे आहे. मानव्यविद्येच्या माणसानेही लेखनासाठी तिकडे जायला हरकत नाही. जेवणाबद्दल एवढेच, की भारतीय विद्यार्थी इतके आहेत की मसाले, डाळी आणि तयार पोळ्या मिळण्याची चिंता उरलेली नाही. भाकरीचे पीठ मात्र शिकागोहून येणाऱ्याला सांगून ठेवावे.

पैशाचा विषय टाळण्यात अर्थ नाही. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याचे शुल्क इतके आहे की साहाय्यकाचे पद आणि त्याबरोबर येणारी शुल्कमाफी हाती नसताना मानव्यविद्येतील पीएच.डी.साठी इथे येणे शहाणपणाचे नाही. साहाय्यकांची संघटना जागरूक आहे आणि याच शुल्कमाफीच्या प्रश्नावर तिने 2009 आणि 2018 मध्ये संप केले आहेत. नियुक्तीपत्रातील माफीची कलमे म्हणूनच नीट वाचावीत: ती किती सत्रांसाठी आहे, उन्हाळ्याचे काय, आठवड्याचे तास किती. शिकवण्याचे काम पहिल्या वर्षी दिवसाचा मोठा भाग खाते आणि ग्रंथालयासाठी संध्याकाळ उरते. सत्राच्या काळात ते रात्री उशिरापर्यंत उघडे असते, हे त्या दृष्टीने फार उपयोगाचे.

थोड्या मुदतीसाठी येणाऱ्या महाराष्ट्रातील प्राध्यापकांना उन्हाळा सोयीचा वाटतो, कारण तेव्हा आपल्याकडेही सुट्टी असते आणि आवार मोकळे असते. पण उन्हाळ्यात आणि दोन सत्रांच्या मधल्या आठवड्यांत कामाचे तास कमी होतात, विशेष संग्रहांचे तर आणखी कमी, म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ मी अधिक पसंत करीन. तेव्हा हवा उत्तम असते, सगळी दालने पूर्ण वेळ चालू असतात आणि ग्रंथपालही जागेवर भेटतात. येण्यापूर्वी विभागाकडून अभ्यागत संशोधकाचे पत्र घेऊन ओळखपत्राची व्यवस्था करून ठेवावी, नाहीतर वाचनदालनात बसता येईल पण मांडण्यांपर्यंत जाणे आणि पुस्तके घरी नेणे यांवर मर्यादा येतील. हव्या असलेल्या पुस्तकांची यादी लिप्यंतरासह निघण्याच्या महिनाभर आधी ग्रंथपालांना पाठवावी, म्हणजे ओक स्ट्रीटहून आणि शेजारच्या विद्यापीठांतून येणारे खंड आपण पोहोचण्याआधी आलेले असतील. पुस्तके चाळण्यासाठी पहिला आठवडा 891.46 समोर राखून ठेवावा आणि त्या आठवड्यात कोणतीही बैठक ठरवू नये.